गावातलं घर, तेही भाड्याचं

"गावात राहता का कॉलनीत?" येवल्यात एवढं विचारलं की समोरच्याची अर्धी कुंडली कळते. कॉलनी म्हणजे रस्त्याकडेच्या नव्या वस्त्या, पार्किंग, स्लॅब. गाव म्हणजे जुनं गाव. बोळ, वाडे, ओटे आणि हातमाग. मी अकरा वर्षं गावात राहतो, भाड्याने. पत्रकाराला खोली द्यायला मालक कचरतात, हा आणखी एक भाग. "उद्या आमचीच बातमी लावाल," असं एका काकांनी तोंडावर सांगितलं होतं. खोटं कशाला बोला, लावलीही असती.

मी राहतो ती खोली मुळात राहण्यासाठी बांधलेलीच नाही, ते मागघर आहे. जमिनीत खड्डा असायचा, विणकर काठावर बसून पाय खाली सोडायचा आणि पावड्या दाबायचा. खिडकी इतकी खाली आहे की उभ्या माणसाला बाहेरचं दिसत नाही. ती उजेडासाठी आहे, बसलेल्या माणसाच्या हातावर उजेड पडावा म्हणून. आमच्या आधी कधीतरी मुरूम टाकून खड्डा बुजवला आणि वर शहाबादी फरशी टाकली. दर पावसाळ्यात नेमकी तेवढीच फरशी खचते, कडेने ओल येते. तिथे कपाट ठेवता येत नाही, कॉट ठेवता येत नाही. बायको म्हणते, माग अजून जागा सोडायला तयार नाही.

हे गाव वसलं तेच मागावर. रघोजी नाईकांनी बाहेरून व्यापारी आणि रेशीम विणणारे आणून इथे बसवले, त्यांना सवलती दिल्या, असा इतिहास आहे. म्हणजे येवल्याची सुरुवातच बाहेरून आलेल्या माणसाला जागा देण्यापासून झाली. 1858 मध्ये इथे नगरपालिका आली. 1901 च्या जनगणनेत लोकसंख्या 16,559 होती, आणि रेशमाबरोबर सोन्या-चांदीच्या तारेचं कामही इथे चालायचं. ते सगळं आज आपण ज्याला "गाव" म्हणतो तेवढ्यातच चालायचं. घर आणि कारखाना एकच. वर माणसं, खाली माग.

मुंबईच्या गिरणगावाशी तुलना करायचा मोह होतो. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, जमिनींवर टॉवर आले आणि चाळींतली माणसं बदलापूर-विरारकडे सरकली. आपल्याकडे तसं झालं नाही. पैठणी बंद पडलेली नाही, उलट 2010 मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं, अंगणगावला पर्यटन केंद्र झालं, रस्त्याला शोरूमची रांग लागली. पण शोरूम रस्त्याला आणि माग हळूहळू नागड्याकडे, गावाबाहेर. मधलं जुनं गाव मात्र तसंच, गळकं. गिरणगावात धंदा मेला आणि जमीन महाग झाली. इथे धंदा जिवंत आहे, पण ज्या घरात तो वाढला ते घर कुणालाच नकोय.

आमच्या बोळातला एक विणकर गेल्या वर्षी चार महिने खोली शोधत होता. भाडं द्यायला तयार, डिपॉझिट द्यायला तयार. पण त्याला तळमजला हवा, खड्डा खणायची परवानगी हवी, आणि दिवसभर खटखट चालणार. कॉलनीत टाइल्स फोडू देत नाहीत, गावात मालक म्हणतो "वाडा विकायचाय, खड्डा नको." शेवटी तो गावाबाहेर शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. मेमध्ये त्या शेडमध्ये रेशीम तुटतं की माणूस आधी तुटतो, ते त्यालाच माहीत. येवल्याच्या पैठणीचा अभिमान सगळ्यांना आहे, माग बसेल अशी खोली मात्र कुणाकडे नाही!

मालकांची बाजू नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या वाड्याच्या उताऱ्यावर चुलत-मावस धरून डझनभर नावं आहेत. काही पुण्यात, काही सुरतला. दुरुस्तीला पैसे काढायला कुणी तयार नाही, विकायला सह्या जमत नाहीत. मी महिना 2,800 भाडं देतो, त्यात त्यांच्या वाट्याला काय येणार?

आता कायदा बघू, कारण यावर चहाच्या टपरीवर फार चुकीचं बोललं जातं. राज्याचा भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू 31 मार्च 2000 पासून. कलम 55 म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी चालते" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण कायद्यात तशी सूट नाही. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भाड्याची पावती मागणं हा हक्क आहे. पाणी-वीज तोडणं बेकायदा आहे.

दुरुस्तीचं कलम 14 तर वाचण्यासारखं आहे. मालकाने घर राहण्याजोगं ठेवायचं. नोटीस देऊन पंधरा दिवसांत केलं नाही तर भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. माझा हिशेब: वर्षाचं भाडं 33,600, चौथा हिस्सा 8,400. माळवदाची एक तुळई बदलायची म्हटलं तरी यात भागत नाही. भाडं जितकं कमी, तितका दुरुस्तीचा हक्कही लहान. जुन्या गावात भाडं कमीच असणार आणि वाडेही तिथेच पडणार.

मग लोक विचारतात, एवढं आहे तर राहता कशाला? एक तर परवडतं. दुसरं, संक्रांत. भोगी, संक्रांत, कर, असे तीन दिवस आसारी घेऊन गच्चीवर उभं राहायचं, तर घर गावातच पाहिजे. आमच्याकडे गच्चीचा उल्लेख कुठल्याच करारात नाही, पण त्या तीन दिवसांत वाड्यातला कुणीच मालक नसतो आणि कुणीच भाडेकरू नसतो. रंगपंचमीला टिळक मैदानातले सामने बघायलाही दोन मिनिटांत पोचतो.

माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. या वेळी नोंदणीकृत करा, खर्च निम्मा-निम्मा वाटून घेऊ, आणि खचलेल्या फरशीचं त्यात लिहा, असं मालककाकांना सांगितलंय. ते म्हणाले, "तुम्ही पेपरवाले लई कायदे सांगता. बघू, सुरतच्या भावाला विचारतो." भावाचा फोन अजून आलेला नाही. गावातल्या आणखी कुणी नोंदणीकृत करार केला असेल, तर किती खर्च आला आणि किती चकरा झाल्या, तेवढं खाली लिहा.