आजीचा वीरगळ

कारगिलच्या आधी लढाईत पडलेल्या जवानाचा देह सहसा घरी येत नसे. १९६२, १९६५, १९७१, प्रत्येक वेळी माणूस जिथे पडला तिथे किंवा जवळच्या तळावर पलटणीतले सोबतीच त्याला अग्नी देत. घरी यायची ती तार, आणि मागाहून काळी लोखंडी ट्रंक. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, लोटलेला गाव, बंदुकांची सलामी हे सगळे आपल्याला दिसू लागले १९९९ नंतर. त्याआधी हजारो घरांत मरण कागदावर आले.

आमच्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, ते डिसेंबर १९७१ मध्ये आले. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होता. जंगी पलटण म्हणतात ती हीच. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या जमालपूरला वळसा घालून ही पलटण शहराच्या पाठीमागे, टांगाइलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री आतल्या पाकिस्तानी फौजेने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला आणि ती सरळ मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. सकाळी त्या रस्त्यावर शत्रूची दोनशेहून अधिक प्रेते होती. आपलीही माणसे गेली. त्याच ११ डिसेंबरला टांगाइलजवळ छत्रीधारी उतरले, तीही मुळात मराठ्यांचीच पलटण. पाच दिवसांनी ढाका पडले. गावात चावडीवर रेडिओ लावला होता, साखर वाटली गेली, आजीनेही वाटली. तार त्यानंतर आली.

ट्रंक यायला आणखी काही आठवडे गेले. तिच्यात एक लोकरी मफलर होता, दाढीचे सामान, एनॅमलचा मग, दोन जोड कपडे, आणि एक आंतर्देशीय पत्र. पत्रावर पत्ता मामाच्या हातचा, पण आत एक अक्षर नव्हते. लिहायला घेतले असेल आणि हुकूम आला असेल. आजीला वाचता येत नव्हते. तिने ते पत्र मास्तरांना दाखवले, पोस्टमनला दाखवले, सुट्टीवर आलेल्या दुसऱ्या जवानाला दाखवले. प्रत्येकाने तेच सांगितले. तरी माझ्या लहानपणापर्यंत ती आल्यागेल्याला ते पत्र काढून द्यायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायची.

लढाईत किंवा अपघातात गेलेल्यांचे पान पितृपक्षात घातचतुर्दशीला वाढायचे, अशी रीत आहे. आजोबांनी ते वाढायचे ठरवले तेव्हा आजी चुलीपुढून उठून गेली. ‘ज्याला मी पोचवला न्हाई, त्येचं पान कसं वाढू?’ एवढेच तिने विचारले. त्यावर घरात कुणाकडेच उत्तर नव्हते. पुढे कित्येक वर्षे ते पान आजोबा एकटेच, गुपचूप, शेतातल्या खोपीत वाढत.

आजीने तिचा मार्ग वेगळा काढला. आजोळच्या भैरोबाच्या देवळामागे पिंपळाच्या पारावर एक वीरगळ आहे, गुडघाभर उंचीचा, वरचा कोपरा उडालेला. अगदी खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस आणि त्याच्या मागे गुरांची रांग. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दंडांना धरून वर नेत आहेत. सर्वांत वर तोच माणूस पिंडीपुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कोण होता, कुठल्या शतकातला, गावात कुणाला माहीत नाही. गुरे पळवायला आलेल्यांशी झुंजताना मेला, एवढे चित्रावरून कळते. आजी दर सोमवारी त्या दगडावर तांब्याभर पाणी घालू लागली. पदराने पुसायची, दोन फुले ठेवायची, थोडा वेळ बसायची. मामाचे नाव ती कधी घेत नसे. पण गावातल्या पोरांनी त्या दगडावर चढून खेळायचे बंद केले, कुणी सांगितले नसताना.

हे सगळे सांगायचे कारण बंगळूरचे राष्ट्रीय सैनिक स्मारक. मुलाच्या नोकरीमुळे आमचे आता त्या शहरात येणे-जाणे असते. यंदा आईला घेऊन गेले होते. आई म्हणजे मामाची धाकटी बहीण, तार आली तेव्हा शाळेत जाणारी. नेहरू तारांगणाजवळ, शहराच्या ऐन मध्यात हे उद्यान आहे. गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा दिसतात ती झाडे. जागा मुळात बागेची, आणि ती झाडे राखूनच स्मारक उभे केले आहे. संग्रहालयाचे दालन जमिनीच्या पोटात नेले आहे, त्यामुळे वर इमारत अंगावर येत नाही. वाटा वळत वळत जातात, मधे हिरवळीचे उंचवटे, आणि त्यातून एकदम वर गेलेला ध्वजस्तंभ. मला ही मांडणी फार योग्य वाटली. स्मारक म्हटले की फरशीचे मैदान आणि त्याला लोखंडी साखळ्या, असेच आपण करत आलो. इथे माणसाला सावलीत बसता येते. ज्यांचे कुणी गेले आहे त्यांना थांबायला जागा लागते, बघायला वस्तू कमी असल्या तरी चालते.

आणि मग तिथला वीरगल्लू, म्हणजे कानडीतला वीरगळ. एकसंध ग्रॅनाइटचा, ७५ फूट उंच, उभा. आई मान वर करून बघत राहिली. म्हणाली, ‘एवढा मोठा? आईला तर एवढासाच पुरला होता.’ आणि गुडघ्याशी हात नेऊन तिने उंची दाखवली.

ग्रॅनाइटवर कोरलेली नावे पाहायला वेळ लागतो. स्वातंत्र्यानंतर लढताना गेलेल्या वीस हजारांहून अधिक जवानांची नावे इथे आहेत. आपण एक नाव शोधायला येतो आणि नजर दर ओळीला अडखळते. जाधव, शिंदे, पवार, पाटील, मग गुरुंग, थापा, सिंग, नायर, पुन्हा शिंदे. मामाचेच नाव आणि आडनाव असलेला दुसरा कुणी आधी सापडला. वर्ष जुळेना. आईने त्या नावालाही हात लावला आणि मगच आम्ही पुढे सरकलो. शेवटी मामा सापडला. आईचा चष्मा घरी राहिला होता. मी तिचे बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवले आणि हळूहळू शेवटपर्यंत नेले. खाचेत बारीक धूळ होती. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळून ती एकेका अक्षरातून काढली, भांड्याच्या कडा पुसाव्यात तशी, अजिबात घाई न करता. रडली नाही. ‘दादा हितं हाय व्हय,’ म्हणाली. पन्नास वर्षांनंतर तिला भाऊ कुठे आहे ते सांगता येत होते. आजीला ते शेवटपर्यंत सांगता आले नाही.

याच बंगळूर शहराचे नाव आपल्याला सर्वांत आधी भेटते तेही एका वीरगळावर. बेगूरच्या नागेश्वर मंदिराच्या आवारातला हा लेख नवव्या शतकाच्या अखेरचा, साधारण इ.स. ८९० चा. बेंगळूरूच्या लढाईत मेलेल्या माणसाची ती आठवण आहे. केंपेगौडाने शहर वसवले त्याच्या साडेसहाशे वर्षे आधीची. आपल्याकडेही असे दगड गावोगाव आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर आरमारी लढाईचे वीरगळ आहेत, वल्ह्यांच्या जहाजांसकट. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर होती. पुढे होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले, आणि त्यांची समाधीही कर्नाटकातच आहे. परमुलखात पडलेल्या माणसासाठी दगड उभा करायचा, ही या पठाराची फार जुनी रीत.

कस्तुरबा रस्त्यावरच्या सरकारी संग्रहालयात आतकूरचा शिलालेख ठेवला आहे, तो मी बंगळूरला येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून पाहायला सांगते. इ.स. ९४९ च्या सुमाराचा, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला. त्यावर वर एक कुत्रा आणि रानडुक्कर एकमेकांना भिडलेले कोरले आहेत. मणलेर नावाच्या योद्ध्याच्या ‘काळी’ या शिकारी कुत्र्याची ती शिळा. डुकराशी झुंजताना दोघेही मेले. कुत्र्याचा दगड देवळापुढे उभारला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि लेखात बजावून ठेवले की या दगडाची पूजा केल्यावाचून पुजारी जेवला तर पाप त्याच्या माथी.

मला या लेखात दोन गोष्टी दिसतात. एक, दगड उभा केला की काम संपत नाही, त्याच्याकडे रोज बघणारा कुणीतरी नेमावा लागतो. दुसरी अधिक महत्त्वाची. आपल्या पूर्वजांनी मान कुणाला द्यायचा हे गणवेश पाहून ठरवले नाही. राजासाठी लढणारा सरदार, गावची गुरे वाचवताना मेलेला गुराखी, वाघाशी झुंजलेला शेतकरी, मालकासाठी मेलेला कुत्रा, सगळ्यांना तसाच दगड, तेच चंद्र-सूर्य. आजीने ज्याच्यावर पाणी घातले तोही बहुधा कुठल्या फौजेत नव्हता.

बंगळूरच्या येलहंका भागात मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या नावाचा रस्ता आहे. या शहरात वाढलेला हा तरुण अधिकारी २८ नोव्हेंबर २००८ रोजी आपल्या मुंबईत, ताजमहाल हॉटेलात गेला. जखमी सोबत्याला सुरक्षित बाहेर काढून अतिरेक्यांच्या मागे तो एकटा वर गेला होता. त्याआधी, २६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री, गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. हातात फक्त लाठी होती. ओंबळे आमच्याच जिल्ह्यातले, जावळीतल्या केडंब्याचे, आधी सैन्यात होते, मग मुंबई पोलिसात. २६ जानेवारी २००९ रोजी दोघांनाही अशोकचक्र मिळाले. एक सैनिक, एक पोलीस. मरणात काय फरक होता?

पोलिसांसाठी निदान २१ ऑक्टोबर हा दिवस आहे. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले, त्यांच्या आठवणीचा. दिल्लीत त्यांचे राष्ट्रीय स्मारकही २०१८ मध्ये झाले. त्यांच्या पलीकडे जे आहेत त्यांचे काय? वनाधिकारी पी. श्रीनिवास यांना १९९१ मध्ये वीरप्पनने दगा देऊन मारले. ते जंगलातल्या लोकांत राहून, वीरप्पनच्या गावात दवाखान्याची सोय करून माणसे वळवत होते. त्यांना कीर्तिचक्र मिळाले म्हणून नाव तरी राहिले. पण पुराच्या रात्री खांबावर चढलेला वायरमन, करोनाच्या वॉर्डातून घरी न परतलेली नर्स, वणवा विझवताना गेलेला वनमजूर, गटारात उतरलेला सफाई कामगार, यांची नावे तुम्हाला कुठे वाचायला मिळतात? पुण्यात प्लेगच्या साथीत आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने गेल्या. सैन्यात डॉक्टर असलेला त्यांचा मुलगा यशवंत पुढे रुग्णसेवा करतानाच प्लेगने गेला. एकाच घरात गणवेशातली आणि गणवेशाबाहेरची सेवा, आणि मरण एकाच रोगाचे.

कुणी म्हणेल, सगळ्यांनाच दगड लावायचे तर सैनिकाचे मोल काय राहिले? आईकडे बघून मला तसे वाटत नाही. आपल्या माणसाच्या नावावरची धूळ पुसायला मिळावी, एवढेच तिला हवे होते. शेजारच्या नावाला हात लावताना तिचे काही कमी झाले नाही. मामाचे मरण मोठे होतेच. पण वायरमनच्या आईकडेही अशीच एखादी ट्रंक असणार, आणि तिला जायला जागा नाही.

पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान गेले. परक्या सरकारनेही त्यांच्यासाठी गावात स्मृतिशिळा लावली, आणि आज ते गाव मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. जे इंग्रजाला सुचले ते आपल्या ग्रामपंचायतींना सुचायला हरकत नाही. त्यासाठी पंचाहत्तर फुटी ग्रॅनाइट लागत नाही.

बंगळूरला कामानिमित्त जाणाऱ्या मराठी माणसाला माझी विनंती आहे. एक सकाळ त्या उद्यानात घालवा, आणि कुणाच्या तरी गावचे, कुठल्याही आडनावाचे एक नाव पूर्ण वाचा. आणि घरी परतलात की आपल्या गावात वनात, दवाखान्यात, खांबावर, पुरात काम करताना कोण कोण गेले त्याची यादी जुन्या माणसांना विचारून करा. ती ग्रामसभेत मांडा, आणि देवळाजवळच्या वीरगळाशेजारी एका साध्या शिळेवर ती नावे कोरून घ्या. पाणी घालायला कुणाला तरी नेमा. आमच्या आजोळी ही यादी करायला आम्ही सुरुवात केली आहे. आतापर्यंत मिळालेल्या नावांत एक वायरमन आहे आणि एक सुईण.