काहीही चालेल

यॉटच्या भाड्याचं गणित मंगल कार्यालयासारखं असतं. आधी भाड्याचा एक आकडा सांगतात, तो ऐकून आपण मान डोलावतो, आणि मग वीज वेगळी, जनरेटर वेगळा, आचाऱ्याचं तुमचं तुम्ही बघा, असं सुरू होतं. भूमध्य समुद्रात या 'वेगळ्या'ला भारदस्त नाव आहे: एपीए, म्हणजे ॲडव्हान्स प्रोव्हिजनिंग अलाउन्स. मूळ भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम आधीच कप्तानाच्या हवाली करायची. डिझेल, किराणा, वाइन, बंदराचं शुल्क तो त्यातून भागवतो, हिशेब ठेवतो, उरलं तर परत देतो, कमी पडलं तर मागतो. त्यावर व्हॅट. आणि शेवटी टीप. ती ऐच्छिक आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि शेजारीच ५ ते १५ टक्के असा आकडाही लिहिलेला असतो.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण एका मित्राची तिशी. आम्ही पाच जण इंजिनिअरिंगची चार वर्षं एकाच मेसमध्ये जेवलो. त्यातला एक बंगळुरूच्या एका कंपनीत अगदी सुरुवातीला लागला, ती कंपनी विकली गेली, आणि त्याच्याकडे एकदम इतके पैसे आले की ते कुठे ठेवायचे हे तो आम्हालाच विचारायला लागला. वाढदिवस ग्रीसमध्ये यॉटवर करायचा ही कल्पना त्याची. पाच आम्ही, तिघांचे जोडीदार, एकूण आठ. नियोजन माझ्याकडे आलं, कारण मी ॲमस्टरडॅमला असते आणि 'तुला जवळ आहे'. (पुण्याहून गुवाहाटी जितकं जवळ, तितकंच.)

पहिलं कोटेशन आलं ते ऑगस्टचं. एक मोठी कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची बोट. चार केबिन. कप्तान, आचारी आणि 'होस्टेस-डेकहँड' या हुद्द्याची एक मुलगी, जी टेबलही मांडणार आणि दोरही ओढणार. आठवड्याला २८,००० युरो. ३० टक्के एपीए ८,४०० आणि १० टक्के टीप २,८०० धरली की ३९,२००. माणशी ४,९००, व्हॅट सोडून. युरो शंभर रुपयांचा धरला तर विमानात पाय ठेवायच्या आधीच पाच लाख. ग्रुपवर मी हा आकडा टाकला तेव्हा चार अंगठे आले. साताऱ्याच्या मित्राचा अंगठा सगळ्यात आधी आला.

तो पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत आहे, घराचा हप्ता आहे, धाकट्या बहिणीचं शिक्षण आहे. तारखा विचारल्या, तो म्हणाला काहीही चालेल. कुठली बेटं? काहीही चालेल. मेसमध्ये हाच माणूस आमटी पातळ आहे म्हणून मालकाशी भांडायचा.

बेटांचा प्रश्न मात्र वाऱ्याने सोडवला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सँटोरिनी आणि मिकोनॉस होतं, म्हणजे एजियन समुद्रातली सिक्लाडीझ बेटं. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. वर आकाश स्वच्छ निळं, ढगाचं नाव नाही, आणि खाली समुद्र खवळलेला. कधीकधी तो दिवसच्या दिवस थांबत नाही आणि बोटी बंदरात अडकून पडतात. प्राचीन ग्रीक लोक या वाऱ्यांना एटेशियन म्हणत, म्हणजे दरवर्षी येणारे. आपला मॉन्सूनही अरबी 'मौसिम'वरून, म्हणजे ऋतूवरूनच आलाय. आणि संबंध नुसता शब्दांचा नाही. बाल्कन देशांवरचा जास्त दाब आणि तुर्कस्तानवरचा कमी दाब यांच्यातल्या फरकामुळे मेल्टेमी वाहतो, आणि तो कमी दाब म्हणजे आपल्या मॉन्सूनला ओढून घेणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडे पसरलेलं टोक. मालवणात आजोळच्या कौलांवर पाऊस कोसळत असतो तेव्हा त्याच व्यवस्थेचं शेपूट मिकोनॉसच्या हॉटेलांतल्या छत्र्या उडवत असतं. हे कळल्यावर मी एक अख्खी संध्याकाळ वाऱ्याचे नकाशे बघण्यात घालवली आणि मुख्य काम बाजूला राहिलं.

शेवटी आम्ही ग्रीसच्या पश्चिमेकडची आयोनियन बेटं घेतली. तिथे दुपारी वायव्येचा वारा येतो तो शिडं भरण्यापुरता आणि संध्याकाळी बहुतेक वेळा निवतो. लेफकाडापासून सुरुवात, हे बेट तरंगत्या पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं आहे, त्यामुळे विमानतळावरून टॅक्सीनेच जाता येतं. वाटेत स्कॉर्पिओस, म्हणजे एकेकाळचं ओनासिसचं खाजगी बेट, जिथे १९६८मध्ये त्याने जॅकलिन केनेडीशी लग्न केलं. मग इथाका, ओडिसियसचं गाव. मग केफालोनियाच्या उत्तर टोकाला फिस्कार्डो. १९५३च्या भूकंपात त्या बेटाची बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, पण फिस्कार्डो बरंचसं वाचलं, म्हणून तिथली घरं अजून जुन्या व्हेनिशियन वळणाची आहेत. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नसतेच. त्यामुळे बोट धक्क्याला पाठ लावून उभी करतात आणि फळीवरून सरळ गावात उतरायचं. ओहोटीला चिखलात बसलेल्या होड्या बघत वाढलेल्या माणसाला हे जरा फसवाफसवीसारखं वाटतं.

व्हिसाची एक गंमत. शेंगेनच्या अर्जात प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो. यॉटच्या करारात लिहिलेलं असतं की हवा बघून मार्ग बदलायचा अधिकार कप्तानाचा. भारतातून येणाऱ्यांसाठी मी रोजच्या बंदरांची पक्की यादी बनवली आणि कप्तानाने तिच्यावर एक ओळ लिहून पाठवली: 'हवामान अनुकूल असल्यास.'

बोटीचा नकाशाही आला होता. पाहुण्यांच्या केबिन ठळक, पलंगांवर उशासुद्धा काढलेल्या. कर्मचाऱ्यांच्या खोल्या दोन्ही सांगाड्यांच्या अगदी नाकाडात, डेकवरचं झाकण उघडून शिडीने खाली उतरायच्या, एकीत वर-खाली दोन फळ्या. त्या फिक्या रंगात होत्या.

आणि मग आला आवडीनिवडीचा फॉर्म. अशी यॉट घेतली की प्रत्येक पाहुण्याला तो भरावा लागतो. नाश्ता किती वाजता? अंडी कशी? दूध कुठलं? पाणी साधं की बुडबुड्यांचं? उशी मऊ की कडक? काय खायला अजिबात आवडत नाही? पोहता येतं का? पोहण्याच्या फिन्ससाठी पायाचं माप? (चपला मात्र चढतानाच टोपलीत काढून ठेवायच्या. एवढा एकच नियम घरच्यासारखा.) सात पानं. पानात पडेल ते खायचं, नावं ठेवायची नाहीत, पाहुण्याकडे गेलं की 'काही नको, नुसतं पाणी' म्हणायचं, या शिस्तीत वाढलेल्या कुणालाही सात पानं हट्ट करा म्हटलं तर तो काय लिहिणार?

मी मालवणला दादाला फोन लावला. तो माझा मामेभाऊ, क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर जातो. नेमका सुट्टीवर होता. कोर्फूला तो इतक्या वेळा गेलाय की आकडा विसरलाय, आणि तिथला किल्ला त्याने बोटीतूनच बघितलाय. मला त्याला हे सांगायला थोडं अवघड वाटत होतं. म्हणजे, ज्या खोल्या तो आवरतो तशा खोलीत मी पैसे देऊन झोपणार. त्याला तसलं काही वाटलं नसावं. त्याने आधी एपीए किती ते विचारलं, मग टीप कोण देणार ते.

"दादा, त्या फॉर्ममध्ये 'काहीही चालेल' लिहिलं तर?"

"तसा लिवू नको गो," तो म्हणाला. "काहीही चालेल म्हणणारो पावणो सगळ्यात कठीण. मग आम्ही सगळाच आणून ठेवायचा. त्यातला अर्धा फुकट जाता. आणि त्याका हवा असता ता नसताच. तो तोंडान काय बोलणा नाय, पण तोंड पाडून बसता. तुका काय आवडता ता लिव. आचाऱ्याचे हाल करू नको."

फोन ठेवल्यावर मी फॉर्म भरायला घेतला नाही. साताऱ्याला फोन लावला. सुट्टी होती, तो घरी गेला होता.

"खरं सांग, किती झेपेल?"

बराच वेळ मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"विमान धरून तीन," तो म्हणाला. "आणि कुणी माझे भरायचे नाहीत. ते मला चालणार नाही."

हे 'चालणार नाही' ऐकून मला फार बरं वाटलं. त्यानंतरचं काम खरं तर सोपं होतं, कारण आता समीकरणात एक पक्की संख्या होती. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच बोट १९,०००ला मिळत होती. स्वस्ताईला कारण असतंच: तेव्हा तिथे वादळं येऊ शकतात, २०२०च्या सप्टेंबरमध्ये इयानोस नावाच्या वादळाने याच बेटांना झोडपलं होतं. ती जोखीम सगळ्यांना सांगून घेतली. मग आठाने भागायचं सोडून दिलं आणि केबिनप्रमाणे भाव लावला. रुंद पलंगाच्या केबिन महाग, दोन अरुंद बंकांची सगळ्यात स्वस्त. तिथे साताऱ्याचा आणि नाशिकचा. मागची मोठी केबिन वाढदिवसवाल्याला, भरपूर महाग. त्याने कुरकुर केली नाही. टीप पूर्ण त्याची. 'पार्टी माझी, बक्षिशी माझी,' असं तोच म्हणाला, आणि याला साताऱ्याकडूनही हरकत आली नाही, कारण वाढदिवसाला पार्टी खाणं वेगळं आणि कुणी आपलं भाडं भरणं वेगळं.

फॉर्म सगळ्यांचे आठवड्याभरात आले. माझ्यात मी लिहिलं की सकाळी कुणीही बोलू नये आणि मासे रोज हवेत, काट्यासकट. साताऱ्याच्या मित्राचा फॉर्म सगळ्यात भरगच्च होता. वांगं नको. उशी कडक. पोहता येत नाही, लाइफ जॅकेट मोठ्या मापाचं हवं, आणि कुणी मला पाण्यात ढकलू नये. सकाळी सहाला चहा: दुधाचा, दोन चमचे साखर, आलं घालून.

दोन दिवसांनी बोटीवरच्या आचाऱ्याचा प्रश्न आला. आलं किसून घालायचं, की ठेचून?