आम्लाचे दप्तर

अद्भुताचे चित्र काढावयाचे तर प्रथम अद्भुताचे कौतुक आवरावे लागते, ही गोष्ट मला कोणत्याही कादंबरीहून गोयाच्या एका गाढवाने अधिक पटवून दिली. १७९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅप्रिचोस’ या ८० मुद्राचित्रांच्या मालिकेतील ४० व्या चित्रात अंगात कोट चढविलेले एक गाढव रुग्णशय्येपाशी बसून रोग्याची नाडी पाहत आहे. गोयाला वैद्यांचा उपहास करावयाचा होता हे उघडच आहे. परंतु उपहास कालांतराने शिळा होतो, आणि तरीही हे चित्र ताजे राहिले, याचे कारण त्या खोलीत कोणालाही गाढवाचे नवल वाटत नाही.

ही निर्विकारता मुद्राचित्रकाराला बरीचशी सामग्रीकडूनच लाभते. तैलरंगात अधांतरी खुर्ची रंगविताना तिच्या कडा धुक्यात विरघळवून टाकण्याचा मोह मला अजूनही होतो, आणि मग पाहणारा ते स्वप्न समजून मोकळा होतो. पत्र्यावर ती सवलत नाही. अ‍ॅक्वाटिंटसाठी राळेची पूड पत्र्यावर बसवून ती उष्णतेने चिकटवावी, पांढरा राहावयाचा भाग रोगणाने झाकावा, पत्रा आम्लात सोडावा, फिकी छटा साधताच तो धुऊन, वाळवून, तेवढा भाग झाकून पुन्हा सोडावा, आणि राळेच्या कणांमधील धातू आम्लाने कोठवर खावा हे प्रत्येक वेळी आधीच मुक्रर करावे, असा हा व्यवहार असल्यामुळे जमिनीवरच्या खुर्चीला जो हिशेब लागू तोच अधांतरी खुर्चीलाही लागतो. आम्लाच्या दप्तरी संभाव्य व असंभाव्य अशी दोन खाती नसतात. (शिवाय छापताना सारे उलटे उमटते, उजव्या हाताने लिहिणारा कारकून विनातक्रार डावखुरा होतो.)

फ्रांत्स रो याने १९२५ साली जादुई वास्तववादाची मांडणी केली तीही अभिव्यक्तिवादाचा आवेग टाकून वस्तूच्या शांत, काटेकोर रेखनाकडे वळलेल्या चित्रकारांवरूनच. आपल्याकडील प्रभाकर बरव्यांना या पंथात दाखल करण्याची मला घाई नाही. तथापि एनॅमल रंगांच्या सपाट अवकाशात नित्याच्या वस्तू ते ज्या अलिप्तपणे मांडतात, त्यापासून मी पुष्कळ घेतले आहे.

सध्याच्या पत्र्यावर मामलेदार कचेरीतील रांगेत माणसांमागे एक नदी उभी आहे. चपला, पंखा, कारकुनाचा चष्मा हे सारे कोरून झाले. नदीच्या अर्जावर कोर्ट-फीचे तिकीट किती रुपयांचे दाखवावे, याची मात्र अद्याप चौकशी करावयाची आहे.