घाबरलं कोण?

मुलगा फिलाडेल्फियात असतो. १० फेब्रुवारी २०२५ला बडोद्यात पहाटे पाचला त्याचा व्हिडिओ कॉल. "बाबा, उठा! सुपर बोल सुरू होतोय."

समोर सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरलेली कॅन्सस सिटी. आणि ईगल्सच्या बचावात, मागच्या फळीत, क्विन्यॉन मिचेल अन् कूपर डीजीन. दोघांचंही पहिलंच वर्ष! म्हटलं, "एवढ्या मोठ्या फायनलला अशी कोवळी पोरं?"

दुसऱ्या क्वार्टरमध्ये डीजीननं महोम्सचा पास मधेच झेलला आणि ३८ यार्ड धावत थेट टचडाऊन! तिकडे अजून ९ तारीख होती, त्याचा वाढदिवस. तो २२ वर्षांचा झाला होता. मुलगा नाचत होता.

मला आमची कबड्डीची फायनल आठवली. कॅप्टन मी. उजव्या कोपऱ्यावर नव्या पोराला उतरवा, सगळे सांगत होते. "घाबरेल तो," म्हणत मी त्याला बाहेरच बसवलं. दुखऱ्या गुडघ्यानं स्वतः खेळलो, हरलो. तो पुन्हा मैदानावर आलाच नाही.

ईगल्स ४०-२२ जिंकले. फोन ठेवल्यावर मी तसाच बसून राहिलो. त्या दिवशी घाबरलो होतो मी, तू नव्हेस. कुठं असशील तिथं हे वाचलंस, तर माफ कर रे.