गावाचा लाडका

गावाला वेस असते, तळे असते, सणाचा दिवस असतो. परंतु गावाला स्वतःचा असा एखादा लाडका असतो काय? ज्याला पाहताच थोराच्या ओठांवर हसू उमटावे आणि लहानाने बोट दाखवून "हा आमच्या गावचा" असे म्हणावे, असा? जपानमध्ये तो असतो. तेथील जिल्ह्यांनी, शहरांनी, अगदी आडगावांनीही आपापली एक गोजिरवाणी आकृती निर्माण केली आहे. कोणी मांजर, कोणी फळ, कोणी मासा. आत माणूस शिरलेला तो मऊ, गुबगुबीत पोशाख जत्रेत फिरतो, पाहुण्यांचे स्वागत करतो, गावच्या मालाची जाहिरात करतो. या आकृत्यांना 'युरु-क्यारा' म्हणतात. 'युरु' म्हणजे सैल, ऐसपैस, जरासे ढिसाळ. हे नाव जुन मिउरा या लेखक-चित्रकाराने रूढ केले. फार रेखीव नसणे, हीच त्यांची खरी शोभा!

माझा एक भाचा नोकरीनिमित्त काही वर्षे त्या देशात होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने घरातील मुलांसाठी काळेभोर, लाल गालांचे एक अस्वल आणले. नाव कुमामोन. कुमामोतो प्रांताचा हा लाडका २०१० साली जन्मास आला. १२ मार्च २०११ रोजी क्यूशू बेटावरील वेगवान रेल्वेमार्ग पूर्ण होणार होता. प्रवासी आपल्याकडे न उतरता पुढे निघून जातील, ही धास्ती त्या प्रांताला वाटत होती. त्यातून ही कल्पना निघाली. त्याला सरकारी पदही मिळाले, विक्री विभागाचा प्रमुख म्हणून! त्याचे चित्र वापरायचे तर प्रांताने पैसे मागितले नाहीत. आमच्या प्रांताचे नाव पुढे न्या, एवढीच अट घातली. मग बिस्किटांच्या पुडीवर, भाताच्या पिशवीवर, जिकडे तिकडे तोच दिसू लागला.

मौज अशी की 'कुमा' म्हणजे अस्वल असले, तरी क्यूशू बेटावर आज एकही रानटी अस्वल उरलेले नाही. तरीही हा कापडी प्राणी लोकांचा खरोखरच आप्त झाला. एप्रिल २०१६ मध्ये त्या प्रांतात मोठे भूकंप झाले. घरे कोसळली, माणसे दगावली. कुमामोनचे कार्यक्रम थांबले. 'तो कुठे आहे? सुखरूप आहे ना?' अशी विचारपूस लोक करू लागले. पुढे ५ मे रोजी, जपानच्या बालदिनी, तो आपद्ग्रस्त मुलांना भेटला आणि त्या चिमण्या जिवांनी त्याला मिठ्या मारल्या. जाहिरातीसाठी जन्मलेली आकृती दुःखाच्या दिवशी कामास आली. या लाडक्यांची देशव्यापी स्पर्धा बरीच वर्षे भरत असे. २०२० साली ती अखेरची भरली आणि विजयी ठरली रिकुझेनताकाता या गावाची आकृती. २०११ च्या त्सुनामीने जवळपास पुसून टाकलेले हेच ते गाव.

आपल्याकडे असे काही आहे का, याचा मी विचार करू लागलो. एअर इंडियाचा महाराजा १९४६ पासून आपल्या ओळखीचा. अमूलची ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी साठच्या दशकात मुंबईत घडली; सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस या दोघांच्या कल्पनेतून. परंतु ही दोन्ही मंडळी मालाची. १९८२ च्या आशियाई खेळांचा अप्पू हत्ती आणि २०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचा 'मोगा' नावाचा गवा खेळांपुरते. मोगा मात्र मला विशेष भावतो, कारण कोंकणीत 'मोग' म्हणजे प्रेम. महाराष्ट्राने शेकरूला राज्यप्राणी केले. पण भीमाशंकरच्या झाडीत उड्या मारणारी ती देखणी खार आमच्या मुलांना केवळ सामान्यज्ञानाच्या पुस्तकात भेटते.

मग आमच्या माजिवड्याचे काय? एकेकाळी शेते आणि खाडी यांच्या सान्निध्यात नांदणारे हे गावठाण आज द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता यांच्या तिठ्यावर उड्डाणपुलांच्या छायेत उभे आहे. भोवती उंच इमारती, त्यांना परदेशी नावे. आमची ओळख विचारली तर रिक्षावाला 'नाका' म्हणतो. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. १८५३ साली पहिली आगगाडी येथेच आली. या गोष्टी अभिमानाच्या खऱ्या. पण मुलाने कवेत घ्यावे असे त्यांत काही नाही.

कोणी म्हणेल, फ्लेमिंगो आहे ना! खरेच, दर हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने ते गुलाबी पाहुणे ठाणे खाडीत उतरतात. २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. शेजारच्या नवी मुंबईने तर स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेतले, रस्त्यांच्या कडेला त्यांची शिल्पे उभारली. परंतु त्याच शहरात २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळचा तलाव कोरडा पडला, कारण भरतीच्या पाण्याची वाट बंद झाली होती. काही फ्लेमिंगो दगावले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर एका विमानाच्या धडकेने तीसहून अधिक पक्षी मृत्युमुखी पडले. कुमामोतोत अस्वल नाही, पण माया आहे. आपल्याकडे पक्षी आहेत, पुतळेही आहेत. मायेची मात्र अजून परीक्षा चालू आहे.

माझे मत विचाराल तर मी निवटीला उभे करीन. वाचकहो, हसू नका! चिखलात राहणारा हा बोटभर मासा. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. ओहोटी लागली की परांच्या आधाराने चिखलावर चालतो, उड्या मारतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो आणि चाहूल लागताच बिळात गडप होतो. जपानच्या आरिआके समुद्राच्या चिखलातही याचे भाऊबंद राहतात आणि कुमामोतो प्रांत त्याच समुद्राला लागून आहे! आमच्या लहानपणी काका खाडीवरून येत ते गुडघ्यापर्यंत काळे होऊन, आणि आई निवट्यांचे आंबट कालवण करी. परवा नातवाला हे सांगत होतो, तर त्याने विचारले, "आजोबा, निवटी म्हणजे कोणती भाजी?" त्या प्रश्नाने मला हसू आले आणि पोटात कालवलेही. खाडी घरापासून फार लांब नाही. पण त्याच्या जगात ती नाही.

त्याच कुमामोतो प्रांतात साकित्सु नावाचे कोळ्यांचे गाव आहे. १६१४ ते १८७३ या काळात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तर त्याआधीच, १५९७ साली, नागासाकीला हुतात्मा झाले. बंदीच्या त्या काळात साकित्सुचे गुप्त भाविक शिंपल्याच्या आतील चमकत्या नक्षीत मारियामातेची छबी पाहत. श्रद्धेची खूण आणि जत्रेतील बाहुले यांची बरोबरी कोणी करू नये, मीही करीत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानी येते. ज्याला आपले गाव मनापासून आपले वाटते, तो खूण शोधायला दूर जात नाही; जाळ्यात आले, चिखलात सापडले, त्यातच त्याला ती दिसते.

येत्या मे महिन्यातील बालशिबिरात मुलांना कागद आणि रंग देऊन सांगावे, "आपल्या माजिवड्याचा लाडका काढा." कोणी आगगाडी काढील, कोणी बगळा, कोणी बहुधा रिक्षा! सुंदर नाही निघाला तरी चालेल, 'युरु'च हवा. मात्र त्याआधी एका सकाळी, ओहोटीची वेळ पाहून, त्यांना खाडीच्या काठी न्यावे. निवटी कशी उडी मारते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढे त्या काठावर राडारोडा टाकणाऱ्या ट्रककडे निराळ्या नजरेने पाहील, अशी माझी आशा आहे.