काळ्या कापडाचे बॉनेट

'कार्बन फायबर' हा शब्द तुम्ही मुलांच्या बॅडमिंटनच्या रॅकेटवर नाहीतर एखाद्या महागड्या सायकलवर वाचला असेल. आमच्या घरात मात्र तो गेली सहा वर्षे डाळ-तांदळासारखा रोज कानावर पडतो. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक शेड आहे. तिथे आमचा मुलगा शर्यतीच्या गाड्यांचे भाग बनवतो. कधी बॉनेट, कधी मागचा पंख, कधी आरशाची टोपणे. हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे यातले चार शब्द बोलायचा अधिकार मलाही आहे असे मी समजते.

हे कापड येते कुठून ते आधी सांगते. आपण स्वेटरला ॲक्रिलिकची लोकर आणतो ना, त्याच जातीच्या धाग्यापासून! तो धागा आधी दोनशे ते तीनशे अंशांवर हवेत तापवतात, मग हवा काढून नायट्रोजन भरलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात. हवाच नाही, तर जळणार कसा? बाकीचे सगळे उडून जाते आणि निव्वळ कार्बन राहतो. वजन साधारण निम्मे होते. त्यातला एकेक तंतू आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक. असे तीन हजार तंतू शेजारी शेजारी ठेवून एक पट्टी होते आणि त्या पट्ट्यांचे जीनसारखे तिरप्या विणीचे कापड विणतात. हातात घेतले तर साधे काळे, चमकदार, लुळे कापड. त्यात इपॉक्सीचे रेझिन मुरले आणि घट्ट झाले की मात्र ते लोखंडाला मागे टाकते. आमच्याकडे एका गाडीचे मूळचे पत्र्याचे बॉनेट काट्यावर ठेवले तर चौदा किलो भरले. आमचे भरले पावणेसहा.

विमानांत हे आधीपासून होते. शर्यतीच्या फॉर्म्युला वन गाडीचा सबंध सांगाडा कार्बनचा केला तो मॅक्लारेनने, 1981 मध्ये. लोक म्हणत होते, आपटली की काचेसारखा चुरा होईल. त्याच वर्षी इटलीत मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसन हा चालक त्या गाडीतून असा काही आपटला की इंजिन तुटून बाजूला गेले, आणि हा गडी स्वतःच्या पायांनी बाहेर आला! तेव्हापासून शंका मिटली.

पण तुम्हाला सांगते, या धंद्यातले खरे काम कापडाचे नाहीच. खरे काम साच्याचे. आमचे मामंजी फाउंड्र्यांसाठी सागवानी पॅटर्न करायचे. ओतलेले बीड थंड होताना मीटरला सुमारे एक सेंटिमीटर आकसते, म्हणून त्यांची मोजपट्टीच मुळी तेवढी मोठी असे. ती पट्टी अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. नातवाने साचा अॅल्युमिनियमचा करून भट्टीत घालायचे ठरवले, तेव्हा तोच हिशेब उलटा आला. मीटरभर अॅल्युमिनियम शंभर अंशांनी तापले की दोन मिलिमीटरहून जास्त फुगते, कार्बन जवळजवळ फुगतच नाही. मग गाडीला बॉनेट बसणार कसे? म्हणून साचा तेवढा लहान कापायचा. हे म्हणाले, "आबा असते तर खूष झाले असते."

बहुतेक साचे मात्र टूलिंग बोर्डाचे. ही फळी लाकडासारखी कापली जाते, पण तिला रेषा नसतात. आकार आधी संगणकावर काढायचा, मग सीएनसी मशीन तो कोरते. आधी जाड कटरने भसाभस, मग गोल टोकाच्या कटरने सावकाश. तरी बारीक सऱ्या राहतातच, नांगरटीसारख्या. त्या दोनशे चाळीस नंबरच्या पॉलिश पेपरपासून दीड हजार नंबरपर्यंत हाताने घासून काढायच्या, वर सीलर, वर मेणाचे सहा हात. साच्यावर एक ओरखडा राहिला तर तो प्रत्येक बॉनेटवर उमटणार.

आणि उतार! आपण वाटीने भाताची मूद पाडतो ती सुटते, कारण वाटीच्या बाजू तिरक्या असतात. सरळ उभ्या पेल्याने पाडून बघा बरं. साच्याच्या बाजूंनाही असाच दोन-तीन अंशांचा उतार ठेवावा लागतो. नाहीतर तयार भाग साच्यात रुतून बसतो आणि काढताना दोघांपैकी एकाचा जीव जातो.

आता पैशाचे. मोठ्या बॉनेटच्या एका साच्याला आमच्या वहीत फळी, मशीनचे तास आणि घासाई मिळून एक लाख वीस हजार पडले. त्या साच्यातून निघालेल्या बॉनेटला सामान लागले सोळा हजारांचे. एक गिऱ्हाईक म्हणाले, "काळं कापड आणि डिंक, त्याचे एवढे?" म्हणून मी बिलात कायम दोन ओळी लिहायला लावते: साचा वेगळा, भाग वेगळा. मुलगा आधी नाही म्हणत होता, गिऱ्हाईक बिचकतं म्हणे. बिचकू दे की! पुढे एकाने फक्त बॉनेटचे पैसे दिले आणि साचाही घेऊन जायला टेंपो पाठवला, तेव्हा त्या दोन ओळींनीच आम्हाला वाचवले. हेही सांगते, की आहे त्याच आकाराचे एकच बॉनेट हवे असेल तर मशीनवर साचा करणे म्हणजे एका पाहुण्यासाठी इडलीपात्र विकत घेणे. मूळ बॉनेटवरूनच काचतंतूचा साचा उतरवावा, स्वस्तात होते. आकार नवा असेल, दहा नग हवे असतील, किंवा डावे-उजवे तंतोतंत जुळायला हवे असेल, तरच मशीन.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळेच आहे. आमच्या सूनबाईचा हात शिवणात चांगला. हे कापड साच्याच्या वळणावर बसवताना टक्स घेऊन चालत नाही, कापले की जोर गेला. ते उरेब धरून, बोटांनी हलकेच ओढत बसवावे लागते आणि वीण मधोमध सरळ दिसली पाहिजे. हे तिला दोन दिवसांत जमले. मुलाला अजून तिच्याइतके जमत नाही. तेव्हा काम ओले चाले. कापड पसरायचे, ब्रशने रेझिन लावायचे, पुन्हा कापड. दीड वर्षाने तिच्या मनगटांवर, हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते तेवढ्या जागेत, लाल चट्टे उठले. मग पापण्या सुजल्या. कातडीच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासले आणि सांगितले, इपॉक्सीची ॲलर्जी आहे, ही एकदा आली की जन्माची. पुन्हा थेंब लागला तरी उठणार.

मुलगा म्हणाला, "मी माणूस ठेवतो, तू आता घरीच बस." ती काहीच बोलली नाही. रात्री भांडी विसळताना मला म्हणाली, "आई, रेझिन बंद झालंय. कापड कुठं बंद झालंय?"

तिचेच खरे होते. दुसरी रीत आहेच. कापड साच्यात कोरडेच बसवायचे, वरून प्लॅस्टिकची पिशवी चिकट पट्टीने सील करायची, पंपाने आतली हवा ओढायची आणि मग नळीतून रेझिन आत सोडायचे. बाहेरची हवाच कापड दाबून धरते, चौरस मीटरला साडेनऊ टनांच्या आसपास. आमचे कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून काटा पुस्तकातल्या जवळपास तिसावर कधी जात नाही, अठ्ठावीसवर थांबतो. पण त्यासाठी चांगला पंप हवा, भट्टी हवी आणि साचा असा हवा की त्यातून सुईएवढीही हवा गळता कामा नये. हे म्हणाले, "ओल्या कामात पैसे वाचतात. एवढ्यासाठी कर्ज?" मी म्हटलं, "अहो, एवढ्यासाठी नाही, तिच्यासाठी." माझ्या पाटल्या बँकेत ठेवल्या. चौदा महिन्यांनी सोडवून आणल्या.

आता शेडमध्ये फरशीवर पिवळी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे कात्री, कापड, सूनबाई, पलीकडे रेझिन. पिशवी लागली की ती बाहेर पडते आणि भाग भट्टीत पुरता पक्का होईपर्यंत आत जात नाही, कारण अर्धवट पिकलेले रेझिनच जास्त छळते. घासाईची भुकटीही तिच्या वाट्याला नाही.

तुमच्या घरातही कुणी इपॉक्सीचे काम करत असेल, अगदी फरशीला किंवा शोभेच्या ट्रेला, तर ऐका. हातमोजे नायट्राइलचे घ्या, लांब मनगटांचे. हाताला लागले तर थिनर-ॲसिटोनने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरते, साबण-पाण्याने धुवा. कपात एकदम जास्त मिसळू नका, ते आपोआप तापून धुरावते. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवू नका, कार्बनचे बारीक काटे धुण्यातून आतल्या कपड्यांत जातात आणि दिवसभर खाजवते. भुकटी झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. ती विजेच्या बटणांत गेली तर शॉर्टसर्किटही होतो.

सध्या शेडमध्ये हवेच्या नळाचा दोन भागांचा साचा लागला आहे, कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर धावणाऱ्या एका गाडीसाठी. बाहेर धो धो पाऊस, आणि दमट हवेत रेझिनवर तेलकट साय धरते, म्हणून हवा कोरडी करणारे यंत्र कालपासून घरघरते आहे. कापड बसवून झाले आहे. पंप बंद करून काटा अर्धा तास हलतो का ते बघायचे राहिले. नाही हलला तर दुपारी सूनबाई रेघेच्या अलीकडे येईल आणि मुलगा पलीकडे जाईल.