नावाचा सातबारा

माझी मुलगी नागपुरात काय करते, असे लग्नकार्यात कोणी आईला विचारले, तर ती सांगते, "कॉम्प्युटरचं काहीतरी." एखादी बाई फारच खोदून विचारू लागली, तर म्हणते, "लोकांच्या दुकानाच्या पाट्या रंगवते." आईचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. पण माझ्या धंद्याचे याहून नेमके वर्णन मला अजून कोणी करून दाखविलेले नाही.

वाचकहो, खरोखरच आमचे काम पाट्यांचे आहे. फरक इतकाच, की ही पाटी रस्त्यावर न लावता इंटरनेटवर लावायची. तिच्यामागे माल कोणता, भाव काय, मागणी कशी नोंदवायची, पैसे कुठे भरायचे, हे सगळे मांडून ठेवायचे. याला वेबसाइट म्हणतात. आणि ती लोकांच्या नजरेस पडावी म्हणून जी खटपट करावी लागते, तिला मार्केटिंग. आम्ही दोन्ही करतो. आम्ही म्हणजे मी, चित्रे आणि मांडणी करणारा एक मुलगा, आणि अर्धा दिवस येणारी एक मुलगी. ती मजकूर लिहिते आणि बिलांचा पाठपुरावाही करते. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

धंतोलीतल्या एका जुन्या घराच्या माडीवर आमच्या दोन खोल्या आहेत. हा भाग दवाखान्यांचा. त्यामुळे रोज एक-दोन पेशंट चुकून आमच्या जिन्याने वर येतात आणि "डॉक्टर केव्हा येतील जी?" म्हणून विचारतात. उन्हाळ्यात पारा 45 च्या पलीकडे जातो. कूलरची दमट हवा कॉम्प्युटरला चालत नाही आणि एसीचे बिल आम्हांला चालत नाही. मग कूलर दारात उभा करून त्याचे तोंड जिन्याकडे वळवायचे. चुकून आलेल्या पेशंटांनाच त्याचा जास्त लाभ होतो.

2011 साली मी हा धंदा सुरू केला. तोवर एका दुकानात लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवण्याची नोकरी करीत होते. पहिली गिऱ्हाइके शहरातलीच मिळाली: एक शिकवणी वर्ग, एक मंगल कार्यालय, इतवारीतला एक साड्यांचा व्यापारी, सावजी मसाला विकणाऱ्या एक मावशी. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण दोन गोष्टींत सगळे सारखे. पहिली, "आमचं नाव अजून मोठं करा." दुसरी, अर्धे पैसे आधी आणि उरलेले अर्धे दिवाळीनंतर. कोणती दिवाळी, ते सांगत नाहीत. मावशींनी मात्र उरलेले अर्धे पैसे मसाल्याच्या रूपाने वर्षभर फेडले. बाबांना हे सांगितले तेव्हा ते हसले. "म्हणजे शेती सोडून तू नागपुरात जाऊन बलुतंच सुरू केलं," म्हणाले.

इंटरनेट ही काय चीज आहे, हे आता तुम्हांला सांगायला नको. घरोघरी फोन आहेत. पण एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. या जाळ्यावर पाने मांडण्याची युक्ती टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज गृहस्थाने 1989 साली सुचविली. ते तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करीत होते. 1993 साली त्या संस्थेने ही युक्ती साऱ्या जगाला फुकट देऊन टाकली. कोणी वापरली म्हणून एक पैसा मागितला नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात चौकात पाणपोई घालतात, तसेच हे. 15 ऑगस्ट 1995 रोजी आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले. पण ते गावच्या वेशीपर्यंत यायला 2016 साल उजाडले. त्या वर्षी फोनवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि माझ्या धंद्याची उलथापालथ झाली. तोवर केलेली सारी कामे कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासाठी होती. ती फोनच्या वीतभर पडद्यावर बसेनात. सगळी पुन्हा करावी लागली, तीही निम्म्याहून कमी पैशांत.

मात्र त्यानंतरच खेड्यातली गिऱ्हाइके येऊ लागली, आणि त्यातच काटोलकडचे काका आले.

काकांची सात एकर संत्र्याची बाग. दरवर्षी ते ती व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकीत. तुमच्यापैकी ज्यांच्या बागा आहेत त्यांना हा व्यवहार ठाऊक आहे. फळ झाडावर असतानाच सौदा होतो, पुढे भाव चढला तर तो व्यापाऱ्याचा. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या पुतण्याने एका वर्षी तिथल्या ओळखीच्या घरांत वीस पेट्या विकून दाखविल्या. तेव्हा काकांच्या मनाने घेतले, की निम्मी बाग उक्ती द्यायची आणि निम्मा माल आपण स्वतः घरोघर पाठवायचा. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते कात्रणही त्यांनी जपून आणले होते.

आम्ही मोठ्या हौसेने पान तयार केले. आमच्या मुलाने वर संत्र्याचे एक झकास चित्र टाकले. विकत मिळणाऱ्या परदेशी चित्रांतले होते. तुकतुकीत, लालभडक, पाण्याचे थेंब अंगावर. काकांनी चष्मा वर-खाली करून ते पाहिले आणि विचारले, "हे कोणाचं फळ आहे?"

"संत्रं आहे, काका."

"पोरी, याची साल पाय. अंगाला चिकटून बसली आहे. हे सुरीनं कापून खायाचं फळ. आपलं संत्रं नखानं सोलून होते. आणि असं एकरंगी कुठं राहते? आंबियाच्या फळावर थोडी हिरवी झाक राहतेच. हे चित्र पाहून ज्यानं पेटी मागवली, तो पेटी उघडल्यावर मले चोर म्हणंल."

दुसऱ्या दिवशी आमचा मुलगा एसटीने काटोलला गेला आणि त्यांच्या बागेत फिरून चित्रे काढून आला. खडबडीत सालीची, देठाजवळ हिरवट असलेली ती फळे पानावर आली आणि पानाला जीव आला. तेव्हापासून विकतचे चित्र आम्ही कुणाच्याच पानावर टाकत नाही.

मजकुराचीही एक गंमत झाली. काकांच्या मुलाने गावातल्या प्रेसमधून माहिती टाइप करून आणली होती. ती आमच्या कॉम्प्युटरवर उघडताच मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता भुसा दिसू लागला. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेले मराठी तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर असेच दिसते. तुमच्या बचतगटाची किंवा सोसायटीची माहितीपत्रके जुन्या फाँटमध्ये असतील, तर पुन्हा टाइप करताना युनिकोडमध्येच करून मागा. ते कुठल्याही फोनवर वाचता येते.

2019 पासून तीन हंगाम चांगले गेले. काका हिशेबाची वही घेऊन ऑफिसात येत आणि मला आकडे वाचून दाखवीत. मग 2022 साली माझ्या हातून ती चूक घडली.

इथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. इंटरनेटवर तुमच्या दुकानाचे जे नाव असते, ते कायमचे विकत मिळत नाही. ते ठेक्याच्या जमिनीसारखे असते. वर्षाचे पैसे भरायचे. फार तर एका वेळी दहा वर्षांचे भरता येतात. मुदत संपत आली की ईमेलने सूचना येते. पैसे भरले नाहीत तर पान बंद पडते. डॉट कॉम नावांना मुदतीनंतरही काही दिवस सवलत असते. तीही गेली, तर पुढच्या तीस दिवसांत मोठा दंड भरून नाव सोडवून घेता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते मोकळे होते आणि जगातला कोणीही उचलू शकतो.

काकांचे नाव मी घेतले ते आमच्या ऑफिसच्या खात्यातून, आमच्याच नावावर. त्यात लबाडी नव्हती, घाई होती. सूचनांसाठी दिलेला ईमेल होता आमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या एका मुलीचा. ती लग्न होऊन गेली, आणि सूचना तिच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या. सप्टेंबरच्या शेवटी मुदत संपली. ऑक्टोबरात संत्र्याचा गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. नोव्हेंबरात काकांनी पुण्या-मुंबईच्या जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले. त्यांनी नाव उघडले तो तिथे कसल्याशा परक्या जाहिराती! लोकांना वाटले, काहीतरी फसवणूक आहे. मागणी कोणी नोंदविली नाही. काही जुन्यांनी फोन करून विचारले, "काका, दुकान बंद केलं का?"

काका फोन न करता सरळ ऑफिसात आले. माझ्यासमोर खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मी सगळे खरे ते सांगितले. रागावतील अशी मनाची तयारी केली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"या नावाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

मी म्हटले, "आमच्या ऑफिसच्या."

"म्हणजे वावर माझं, आणि फेरफार तुझ्या नावावर?"

मला उत्तर देता आले नाही. भावकीतल्या एका फेरफारावरून या माणसाने बारा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या होत्या, हे मला ठाऊक होते. त्याच माणसाच्या नावाशी मी हे करून बसले होते.

दंड भरून नाव सोडवून घ्यायला नऊ दिवस लागले. फळ काही नऊ दिवस थांबत नाही. पिकून आलेल्या दहा किलोच्या 160 पेट्यांइतका माल काकांनी कळमन्याच्या बाजारात नेऊन लिलावात विकला. थेट विक्रीच्या मानाने किलोमागे वीस रुपये कमी पडले. म्हणजे 32,000 रुपयांचे नुकसान. मी म्हटले, हे मी भरून देते. मला वाटले होते, ते 'राहू दे पोरी' म्हणतील. ते म्हणाले, "घेईन. काहून नाही घेणार? माझा माल गेला आहे." दोन हप्त्यांत मी पैसे दिले. पुढच्या दिवाळीला ऑफिसात बोनस झाला नाही, हेही इथे सांगून टाकते.

त्यानंतरच्या पंधरवड्यात आम्ही तिघांनी बसून सगळ्या गिऱ्हाइकांची खाती तपासली. एकूण 43 नावे. त्यांतली 31 आमच्या ऑफिसच्या नावावर! एकेकाला बोलावून नाव त्याच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि फोन नंबरवर करून दिले. माझ्या धंद्यातल्या एका मित्राने मला वेड्यात काढले. नाव आपल्या हाती असले की गिऱ्हाईक सोडून जात नाही, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नव्हते. सहा महिन्यांत दोन गिऱ्हाइके आपले नाव घेऊन स्वस्तातल्या दुसऱ्या माणसाकडे गेली. त्यातले एक मंगल कार्यालय होते, माझे पहिल्या वर्षापासूनचे. वाईट वाटले.

तुमच्यापैकी कोणी गूळ, हळद, तांदूळ, लोणची विकण्यासाठी असे पान करून घेणार असेल, तर करून देणाऱ्याला आधी हेच विचारा: नाव कोणाच्या नावावर आहे, मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि सूचना कोणाच्या फोनवर येते. तोंडी उत्तरावर राहू नका, कागद छापून मागा. आणखी एक. "गूगलवर तुमचं नाव पहिल्या नंबरावर आणून देतो, गॅरंटी" असे फोन हल्ली खेड्यातही येऊ लागले आहेत. अशी गॅरंटी कोणालाच देता येत नाही, मलाही नाही. दुकानाचा पत्ता, फोन आणि वेळ गूगलच्या नकाशावर नोंदवायला मात्र एक पैसा लागत नाही, घरातली शिकलेली पोरे ते करू शकतात. आणि पेटीचे पैसे पाठवितो, आधी हे चौकटीचे चित्र स्कॅन करा, असे कोणी म्हणाला तर फोन ठेवून द्या. ते स्कॅन पैसे द्यायला करतात, घ्यायला नव्हे. काकांच्या शेजाऱ्याचे असेच चार हजार गेले.

काका मला सोडून गेले नाहीत. त्यांनी नाव आपल्या नावावर करून घेतले, दहा वर्षांचे पैसे एकदम भरले आणि वर विचारले, "मराठीत नाव भेटत नाही काय?" भेटते. 2014 च्या ऑगस्टपासून देवनागरीत डॉट भारत अशी नावे मिळू लागली आहेत. तेही त्यांनी घेतले आणि पेटीवर छापले. सगळ्यांना ते फोनवर टाइप करता येत नाही, म्हणून खाली इंग्रजीतले बारीक अक्षरात आहे. मराठी मोठे हवे, यावर ते अडून बसले होते.

नावाच्या नोंदीचा कागद त्यांनी काटोलात प्लास्टिकमध्ये मढवून आणला. घरच्या पेटीत सातबारा आणि आठ-अ असतात, त्यांच्यावर तो ठेवलेला मी पाहिला आहे. पैसे 2032 पर्यंत भरलेले आहेत, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. तरी दर नोव्हेंबरात, पहिली तोड व्हायच्या आदल्या दिवशी, त्यांचा फोन येतो.

"बाई, नाव जिवंत आहे ना?"

मी त्यांच्यादेखत उघडून पाहिल्यासारखे, फोन कानाला धरूनच पान उघडते, आणि मग सांगते, "आहे, काका."